पंधरा हजार रुपये, दहा बाय बाराची खोली आणि एक टीव्ही

पार्श्वभूमी

नाशिकला सिडकोत माझं टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बंद पडलेले टीव्ही येतातच, पण दसरा-दिवाळीच्या आसपास "नवीन कोणता घेऊ?" असं विचारणारेही बरेच येतात. त्यातलंच हे एक घर. ओळख उघड होऊ नये म्हणून नावं घेत नाही, घरातल्या नात्यांनीच बोलतो.

दादा अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी ऑपरेटर. वहिनी घरी ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात. थोरली दहावीत, धाकटा सहावीत. आजींनी सत्तरी ओलांडलीय. गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर जाणं बंद झालंय, त्यामुळे दिवसाचा मोठा भाग दिवाणावर. दुपारी कीर्तन, संध्याकाळी मालिका. टीव्ही बंद पडला तेव्हा घरातल्या बाकीच्यांची गैरसोय झाली. आजींचा मात्र दिवसच सुनासुना झाला. हे मला वहिनींनी सांगितलं आणि पुढचं सगळं याच एका वाक्याभोवती ठरलं.

जुना टीव्ही ३२ इंची, अकरा वर्षांचा. आवाज येत होता, चित्र नव्हतं. दुकानात आणल्यावर अंधार करून पडद्यावर बॅटरीचा उजेड तिरका मारला, तर चित्र पुसटसं हलताना दिसलं. म्हणजे पॅनलवर चित्र येतंय, मागची बॅकलाइट, म्हणजे पडद्याला उजेड देणारे दिवे, गेलीय.

पैसे होते १५,०००. वहिनींची भिशी लागली होती ९,००० ची, आणि ६,००० दादांनी दिवाळीसाठी बाजूला ठेवलेले. वहिनींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "भाऊ, हप्ता नको. आधीच फ्रिजचा चालूये."

अडचण नेमकी काय होती

दादांच्या मनात ४३ इंची होता. त्याला कारणही होतं. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि कारखान्यात सगळे म्हणायला लागले की टीव्ही स्वस्त झाले. बोलणं खरं होतं, पण अर्धंच. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर जानेवारी २०१९ पासून १८ टक्केच कर होता, तिथे काहीच बदललं नाही. २८ वरून १८ वर आला तो ३२ च्या वरच्या टीव्हींचा कर. करापूर्वी १५,००० चा टीव्ही धरला तर आधी १९,२०० ला पडायचा, आता १७,७००. दीड हजाराचा फरक. म्हणून ४३ इंची एकदम हाताशी आल्यासारखा वाटत होता आणि ३२ इंची घेणं म्हणजे सवलत सोडून देणं, असं दादांना वाटत होतं.

पण सवलत कशावर मिळतेय हा एक प्रश्न आणि घराला काय लागतंय हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर दुकानात मिळत नाही. म्हणून मी मोजपट्टी घेऊन त्यांच्या घरी गेलो.

घरी जाऊन काय कळलं

पुढची खोली दहा बाय बारा. समोरच्या भिंतीला लाकडी शोकेस, त्यात टीव्हीचा कप्पा, रुंदी ३४ इंच. टीव्हीचे इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके. ३२ इंची टीव्हीची प्रत्यक्ष रुंदी साधारण २८ इंच भरते, ४३ इंचीची ३८. म्हणजे ४३ साठी शोकेस कापायचं, नाहीतर टीव्ही शोकेसच्या वर, साडेपाच फुटांवर टांगायचा. दिवाणावर आडवं होऊन पाहणाऱ्या आजींची मान त्यात दुखलीच असती.

खिडकी पश्चिमेला. दुपारी तीननंतर ऊन थेट शोकेसवर येतं.

आजींचा दिवाण डाव्या भिंतीला. टीव्हीपासून पाच-साडेपाच फूट, पण बराच बाजूला. बाकीचे समोर खाली बसतात, सात फुटांवर.

घरात लोकल केबल. सेट टॉप बॉक्स जुना, साधा, पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरचा. आजी पाहतात ती सगळी चॅनेल त्यावर साध्या दर्जाची, एसडी. हा मुद्दा लोकांच्या सहसा लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या थोडे वर ठिपके असतात. एचडी रेडी पडद्यावर १३६६ गुणिले ७६८, साडेदहा लाखांच्या आसपास. फोर के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख. केबलवरून येणारा एक ठिपका फोर के टीव्हीला वीस ठिपक्यांवर पसरावा लागतो. मधली भर टीव्ही अंदाजाने घालतो, आणि स्वस्त टीव्हीतली चिप हे काम यथातथाच करते. चेहरे मेणासारखे दिसतात, खालची बातम्यांची पट्टी फिसकटते. मोठा, महाग पडदा घेऊन आजींचं चित्र आधीपेक्षा वाईट दिसलं असतं.

आजींना ऐकू थोडं कमी येतं, तेही तिथेच कळलं. मी बोलत होतो तेव्हा त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या.

तोललेले पर्याय

जुना दुरुस्त करणं. बॅकलाइटच्या पट्ट्या बदलायला माझ्याकडे २,००० च्या आसपास खर्च होता. माझ्या धंद्याच्या दृष्टीने हेच सोपं. पण पडद्यावर डावीकडे दोन उभ्या रेघा आधीच पडलेल्या होत्या. हा दोष काचेच्या कडेला चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांचा, आणि तो सहसा वाढतच जातो. २,००० घालून वर्षभरात पुन्हा अंधार झाला तर ते पैसे गेलेच. मी नको म्हणालो. रेघा नसत्या तर मात्र हाच पर्याय पहिला सुचवला असता.

जुळणी केलेला स्वस्त टीव्ही. शहरातल्या एका दुकानात ३२ इंची "स्मार्ट" ७,५०० ला मिळत होता. नाव एका मोठ्या कंपनीच्या नावासारखं, एका अक्षराचा फरक. मी मागची पट्टी पाहिली. आपल्याकडे टीव्हीला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, सक्तीची नोंदणी लागते. मानक चिन्हाखाली आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की कोणत्या उत्पादकाचा ते दिसतं. या टीव्हीवर तो क्रमांकच नव्हता. बिलाबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "बिल लागलं तर पाचशे वाढतील." तिथून निघालो.

सेकंड हँडचा विचार लगेच सोडला. बॅकलाइट किती चालून झालीय हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही.

४३ इंची फोर के. महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात कमी परिचित ब्रँडचा १८,५०० ला, "बिनव्याजी" हप्त्यावर. रोख दिले तर? १७,८००. म्हणजे ७०० रुपयांची रोखीची सूट हप्ता घेतला की जाणार, वर प्रोसेसिंग फी वेगळी. शून्य टक्के व्याज असं खरं तर काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी दडलेलं असतंच. मी त्या ब्रँडच्या ग्राहक क्रमांकावर दुकानात उभ्या उभ्याच फोन लावला आणि सिडकोचा पिनकोड सांगून विचारलं, मेकॅनिक कुठून येईल? बाहेरगावाहून, आठ-दहा दिवसांत. आजींसाठी आठ-दहा दिवस म्हणजे किती, हे आता दादांनाही ठाऊक होतं.

विजेचाही एक भाग होता. त्यांचं महिन्याचं बिल ९० ते ९५ युनिटांचं. महावितरणच्या घरगुती दरात १०० च्या वरच्या युनिटांना जवळपास दुप्पट दर लागतो. टीव्हीवर स्टार लेबल असतं, त्यावर वर्षाला किती युनिट ते छापलेलं असतं. दोन्ही लेबलं शेजारी ठेवून पाहिली, ४३ चा आकडा ३२ च्या दुपटीजवळ होता. महिन्याला सहा-सात युनिटांचा फरक ऐकायला फार नाही, पण या घरात तोच त्यांना शंभराच्या पलीकडे ढकलू शकत होता.

उरला नामांकित कंपनीचा ३२ इंची एचडी रेडी, १२ ते १४ हजारांत.

एक पर्याय वहिनींनी स्वतः काढला आणि तो मला आवडला: केबल बंद करून डीडी फ्री डिश. डिश आणि बॉक्स एकदाच घ्यायचे, महिन्याचं भाडं नाही. सह्याद्री येतं, दूरदर्शनची बाकी चॅनेल येतात, काही खाजगीही. पण आजींच्या दोन मालिका पैसे भरून दिसणाऱ्या चॅनेलवर होत्या. आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं." म्हणजे त्यांना ते नको होतं. वहिनींनी विषय तिथेच थांबवला.

दुकानातला शनिवार

दोन टीव्ही निवडून ठेवले होते, दोन्ही ३२ इंची, किमतीत ५०० चा फरक. दुकानात सगळे टीव्ही छानच दिसतात, कारण तिथे पोपट, फुलं आणि रंगांचा चकचकीत व्हिडिओ लावलेला असतो आणि चित्र सगळ्यात भडक मोडवर असतं. मी विक्रेत्याला दोन गोष्टी करायला सांगितल्या: चित्र साध्या मोडवर आण आणि केबल लाव. केबल नव्हती. मग माझ्या पेनड्राइव्हमधला साध्या दर्जाचा कीर्तनाचा व्हिडिओ दोन्हींवर लावला. विक्रेत्याने विनातक्रार सहकार्य केलं, हे मुद्दाम सांगतो. नीट विचारलं तर बहुतेक जण करतात.

समोरून पहिला टीव्ही सरस होता. काळा रंग गडद, चित्र उठावदार. मग मी दादांना म्हटलं, आजी बसतात तिथे जाऊन उभे राहा. ते डावीकडे सरकले, आणि तिथून पहिल्या टीव्हीवर कीर्तनकारांचा चेहरा फिका, धुरकट झाला. दुसऱ्यावर जवळपास तसाच राहिला. पहिल्यात व्हीए जातीचं पॅनल, दुसऱ्यात आयपीएस. व्हीएचा काळा चांगला, पण बाजूने रंग उडतात. आयपीएसचा काळा राखाडीकडे झुकतो, पण कुठूनही बसा, रंग टिकतात. डब्यावर हे लिहिलेलं नसतं, आणि एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या बॅचला वेगळं पॅनल येऊ शकतं. म्हणून बाजूला उभं राहून बघणं हीच खात्रीची तपासणी.

एचडीआर (चित्रातला उजेड-अंधार जास्त खुलवणारं तंत्र), शेकडो वॅट आवाज वगैरे डब्यावरच्या चिठ्ठ्यांकडे आम्ही लक्षच दिलं नाही. या किमतीच्या पडद्यात एचडीआरला लागतो तेवढा उजेडच नसतो.

निर्णय

दुसरा घेतला. १२,४९० रुपये, जीएसटी बिलासह, सिरियल नंबर बिलावर लिहून. कंपनीचं सर्व्हिस सेंटर शहरातच आहे, हे आधी फोन करून पाहिलं होतं. आत १ जीबी रॅम आणि ८ जीबी जागा, म्हणजे दोन-तीन वर्षांत ॲप्स अडखळणार. मी ते मान्य करूनच हो म्हणालो. ॲप्स मंद झाली तर मागे ॲप्स चालवणारी एक वेगळी स्टिक लावता येते. पॅनल मात्र बदलणं परवडत नाही, त्याची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते.

दादांचा चेहरा बिल करताना थोडा पडलेला होता. त्यांनी घरच्यांना मोठा टीव्ही दाखवायचं मनात धरलं होतं. ते मला दिसत होतं, आणि मी तरीही आग्रह सोडला नाही.

घरी नेताना दुकानाची गाडी दोन दिवसांनी येणार होती. दादा बाईकवर नेऊ म्हणाले. मी नाही म्हटलं. टीव्हीचा डबा आडवा ठेवला किंवा मध्ये वाकला तर पॅनलला तडा जातो, आणि तुटलेलं पॅनल वॉरंटीत येत नाही. रिक्षात उभा धरून नेला.

पुढे काय झालं

पहिल्याच संध्याकाळी अडलं. जुन्या बॉक्सच्या तीन पिना लावायला नव्या टीव्हीला जागाच नव्हती. एकच बारीक छिद्र होतं, त्यासाठी वेगळी वायर लागते, आणि ती डब्यात आली नव्हती. बॉक्सच्या मागे एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरने नेणारी जोडणी, नव्हतं. घरी जाऊन मी सगळं मोजलं होतं, ऊन बघितलं होतं, पण ही जोडणी टीव्हीशी ताडून पाहिली नव्हती. ती चूक पूर्णपणे माझी. केबलवाल्याला बोलावून एचडीएमआयचा बॉक्स बदलून घेतला, १,००० रुपये. त्यात एक दिवस गेला. तो दिवस आजींनी पोथी वाचून काढला. बॉक्स बदलल्यावर एसडी चॅनेलही जुन्या वायरपेक्षा स्वच्छ दिसायला लागली, हा त्यातला फायदा.

दुसरी अडचण आवाजाची. आजकालच्या टीव्हीचे स्पीकर खालच्या बाजूला असतात. शोकेसच्या कप्प्यात आवाज लाकडावर आपटून घुमायला लागला आणि आजींना शब्दच कळेनात. टीव्ही कप्प्याच्या अगदी कडेला पुढे ओढला, सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा मोड लावला. फरक पडला, पण पुरेसा नाही. शेवटी १,८०० चा छोटा साउंडबार आणला, टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआयच्या एआरसी पोर्टला लावला. त्या रात्री आजी पहिल्यांदा म्हणाल्या, "आता बोलताहेत."

तिसरी गोष्ट रिमोटची. टीव्ही चालू केला की ॲप्सचं पान यायचं, आजी तिथेच अडकायच्या. सेटिंगमध्ये चालू होताना शेवटचं इनपुट उघडण्याची सोय असते, ती लावून दिली. टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंदच्या बटणाला लाल टेप चिकटवली, बाकी सगळं केबलच्या रिमोटवर. बॅकलाइट १०० वरून ६५ वर आणली. स्वस्त टीव्हीत बॅकलाइटला पूर्ण जोराने चालवलं तर ती लवकर जाते, हे माझ्या दुकानात मी आठवड्याला बघतो. दुपारच्या उन्हासाठी वहिनींनी खिडकीला जाड पडदा शिवला, उरलेल्या कापडाचा.

विजेच्या अचानक झटक्यापासून टीव्ही वाचवणारी सर्ज प्रोटेक्टरची पट्टी ४५० ची. एकूण हिशेब असा झाला: टीव्ही १२,४९०, पट्टी ४५०, बॉक्स १,०००, साउंडबार १,८००. बेरीज १५,७४०. ठरवलेल्या रकमेपेक्षा ७४० जास्त. ते वहिनींनी दिवाळीच्या ब्लाऊजांच्या शिलाईतून भरले.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, मी १५,००० ला "टीव्हीचं बजेट" म्हणालोच नसतो. टीव्हीला १२,०००, बाकीच्या गोष्टींना ३,००० असं पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलं असतं. ४३ इंची १७,८०० ला दिसत होता तेव्हा त्याच्याही पुढे हाच ३,००० चा खर्च उभा होता, हे दादांना तेव्हाच दाखवलं असतं तर त्यांची समजूत लवकर पटली असती. आता ती पटलीय, पण ७४० रुपये भरून.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. मी सगळं आजींच्या दिवाणावरून पाहिलं. थोरलीला कुणी नीट विचारलं नाही, मीही नाही. ती गणिताचे व्हिडिओ टीव्हीवर लावते, आणि सात फुटांवरून एचडी रेडी पडद्यावर फळ्यावरचे घातांक तिला वाचता येत नाहीत. ती पुढे जाऊन तीन फुटांवर बसते. त्याच कंपनीचा ३२ इंची फुल एचडी (एचडी रेडीपेक्षा जास्त ठिपक्यांचा) टीव्ही दीड-दोन हजारांनी महाग होता आणि शोकेसमध्ये बसतही होता. घातांक कदाचित लहानच दिसले असते, पण फाटले नसते. साउंडबारऐवजी माझ्या दुकानातले जुने दोन स्पीकर एखाद्या छोट्या अँप्लिफायरवर लावून दिले असते तर ते पैसे तिकडे वळवता आले असते. हे मला महिनाभराने सुचलं.

४३ बद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. दिवाण समोर असता, शोकेस नसतं, चॅनेल एचडी असती, तर त्याच पैशांत मी ४३ इंची फुल एचडीकडे वळलो असतो आणि दोन महिने थांबा म्हणालो असतो.

बिल आणि वॉरंटी कार्डाचा फोटो वहिनींच्या मोबाइलमध्ये आहे, त्यासोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही. जुना टीव्ही माझ्याकडेच आहे. त्याचा पॉवर सप्लाय चांगला निघाला, तो पंचवटीतल्या एकांच्या टीव्हीत बसवला आणि त्याचे ४०० रुपये वहिनींना दिले. थोरलीसाठी आता तीन फुटांवर चटई असते.